घुमट चुकला

महोदय,

गेल्या रविवारच्या अंकात जेरुसलेमचा रंगीत फोटो छापलात. मधोमध सोनेरी घुमट आणि खाली ओळ : ‘अल-अक्सा मशीद’. ती मशीद नव्हे. तो ‘कुब्बतुस सखरा’, खडकावरचा घुमट. खलिफा अब्द अल-मलिकच्या काळात, इ.स. ६९१-९२ च्या सुमारास पुरा झालेला. अक्सा मशिदीचा घुमट करडा, शिशाचा, आणि त्याच आवारात दक्षिणेला. सगळ्या आवारालाही अल-अक्सा म्हणतात, हे मला ठाऊक आहे. मग तसं ‘आवार’ लिहायचं होतं.

मी काही विद्वान नाही. रेवदंड्यात तेहतीस वर्षं टपाल वाटलं. हा फरक मला शिकवला तो बीटवरच्या एका चाचांनी. कुवेतहून त्यांचं रजिस्टर पत्र आलं होतं. ते चष्मा शोधत होते, तोवर मी ओटीवरचं कॅलेंडर बघत बसलो आणि ‘अक्सा मशीद छान आलीय’ म्हणालो. चाचा हसले. “पोस्टमन असून शेजारच्या घरात पत्र टाकलंस की!” मग करड्या घुमटावर बोट ठेवलं. मक्केच्या आधी नमाजाची दिशा याच गावाकडे होती, हेही तेव्हाच कळलं. त्यांच्या तोंडी गावाचं नाव बैतुल मुकद्दस.

आमच्याकडच्या बेने इस्रायलांच्या, म्हणजे मराठी ज्यूंच्या, तोंडी तेच येरुशलायिम. (ही जुनी माणसं आपल्या प्रार्थनाघराला, सिनेगॉगलासुद्धा ‘मशीद’च म्हणायची, त्यामुळे नव्या पोस्टमनची पंचाईत व्हायची.) अश्दोद, लोद, दिमोना असे इस्रायलमधल्या गावांचे शिक्के असलेले निळे एअरोग्राम यायचे आणि आत सगळं मराठी. एका म्हातारीला दिसत नसे, म्हणून पत्र मीच वाचून दाखवायचो. मुलानं जेरुसलेमच्या पश्चिम भिंतीबद्दल (ज्यूंची पवित्र जागा) लिहिलं होतं : आई, तुझ्या नावाची चिठ्ठी भिंतीच्या फटीत ठेवली. हातावर मलिद्याचे गोड पोहे ठेवत तिनं विचारलं, “त्या चिठ्ठीला तिकीट लागतं का रे?”

तेव्हा मी नुसता हसलो. नंतर वाचनात आलं की जगभरातून नुसतं ‘देवास’ एवढाच पत्ता असलेली पत्रं इस्रायलच्या टपालखात्याकडे येतात आणि ती त्या पश्चिम भिंतीत नेऊन ठेवतात. आमच्याकडे असलं पत्र परत-पत्र कार्यालयात गेलं असतं. फटीतल्या चिठ्ठ्या वर्षातून दोनदा काढून ऑलिव्हच्या डोंगरावर पुरतात म्हणे. म्हातारी तोवर गेली होती. नाहीतर सांगितलं असतं, तिकीट लागतं, पण टपालानं पाठवलीस तरच.

पुलापलीकडे कोर्लईत ख्रिस्ती वस्ती आहे. ती माझी बीट नव्हती, म्हणून तिथलं फार सांगत नाही. पण त्यांच्या यरुशलेमातल्या, येशूच्या कबरीवरच्या चर्चची किल्ली पिढ्यान्‌पिढ्या एका मुसलमान घराण्याकडे आहे आणि दार उघडण्याचा मान दुसऱ्या मुसलमान घराण्याकडे. तटाच्या आतलं जुनं शहर एक चौरस किलोमीटरसुद्धा भरत नाही. एवढ्या दाटीत पत्ता चुकवून कसं चालेल?

तेव्हा दुरुस्ती छापा. फोटो तोच घ्या, मात्र या वेळी डावीकडून कमी कापा. करडा घुमट तुमच्या कात्रीत गेलाय.

एक निवृत्त पोस्टमन, रेवदंडा (जि. रायगड)