वर्गभेटीला वेळापत्रकात जागा द्या

महोदय,

सोलापूर जिल्ह्यातील अनेक मुख्याध्यापकांचा दिवस व्हॉट्सअ‍ॅपवर ‘तातडीने’ मागितलेली माहिती भरण्यात सरतो. वर्गभेट, म्हणजे वर्गात बसून अध्यापन पाहणे, उद्यावर जाते, कारण वेळापत्रकात तिला जागाच नसते. परिपाठानंतरची तासिका तिच्यासाठी राखावी. आठवड्यात तीन वर्ग, प्रत्येकी २० मिनिटे, आणि त्याच दिवशी शिक्षकाशी पाच मिनिटे बोलणे. हे बोलणे लांबणीवर पडले की लॉगबुकात (वर्गभेटीच्या नोंदवहीत) फक्त ‘अध्यापन समाधानकारक’ उरते. त्याचा उपयोग कुणालाच नाही.

पोषण आहाराचा हिशेब हजेरी होताच उरकावा. पहिली ते पाचवीला माणशी १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला १५०. उपस्थिती कळली की गुणाकार तेवढा उरतो. यू-डायस प्लस या शाळा व विद्यार्थ्यांच्या माहितीच्या सरकारी संकेतस्थळाचे काम मुदतीच्या शेवटी काढले तर संकेतस्थळ हळू चालते आणि जन्मतारखांचे घोळही तेव्हाच सापडतात. जनरल रजिस्टर (विद्यार्थ्यांच्या प्रवेशाची नोंदवही) आधी तपासून रोज एकच वर्ग भरावा. उन्हाळ्यात सकाळची शाळा असते, तेव्हा कागदपत्रे शाळा सुटल्यावर घ्यावीत.

द्विशिक्षकी शाळेत मात्र मुख्याध्यापकच वर्गशिक्षक असतात. त्यांच्याकडून माहिती आठवड्यातून एकदाच आणि एकाच नमुन्यात मागावी, एवढे केंद्र (जवळच्या शाळांचा गट) व तालुका पातळीवर ठरायला हवे.

– एक वाचक, सोलापूर