इंजेक्शन घेतलं, पुढं काय?

संपादक साहेब, नमस्कार.

सेरेब्रल पाल्सी (लहानपणीच मेंदूला इजा होऊन हातपाय ताठर होतात, तो आजार) असलेल्या लेकराच्या आईबापाला आमच्याकडं कुणी ना कुणी सांगतंच, अमुक गावी जा, तमुक तेल चोळा, पोरगं पळायला लागंल. मेंदूला झालेली इजा भरून येत नाही हो, पण स्नायूंचा ताठरपणा कमी करता येतो आणि खरा फरक तिथंच पडतो. माझ्या भाच्याची टाच जमिनीला टेकतच नव्हती, पोटरीत बोटॉक्सचं इंजेक्शन दिलं (हो, तेच सुरकुत्यांवालं) तवा पाय सैल पडला, पण त्याचा असर साधारण ३-४ महिनेच, तेवढ्यात रोज स्ट्रेचिंग (स्नायू ताणायचा व्यायाम) आणि पायाला स्प्लिंट (पाय नीट धरून ठेवणारा आधार) हे झालं नाही तर पैसे पाण्यात. आणि ताठरपणा कमी करणाऱ्या बॅक्लोफेनच्या गोळ्या चालू असतील तर मनानं एकदम बंद करू नका, फिटचे झटके येऊ शकतात.

आता हे स्ट्रेचिंग शिकवणार कोण? परभणीकडच्या खेड्यातून लेकरू कडेवर घेऊन एसटीनं जिल्ह्याला यायचं म्हणजे आईची मजुरी बुडाली. ऊसतोडीला गेलेल्यांचं तर विचारूच नका, परत येईस्तोवर लेकरू वाढतं आणि स्प्लिंट आखूड झालेला असतो.

अशा लेकरांसाठी नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय विमा योजना आहे, १ लाखापर्यंत, थेरपीचा खर्च पण त्यात बसतो, पण गावात कुणाला पत्ताच नाही. आशाताईंकडून घरोघरी ही माहिती द्या आणि ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून दोन दिवस तरी फिजिओथेरपिस्ट बसवा, एवढंच मागणं.

– एक मामा, जि. परभणी