शिडाच्या होड्यांचे शिबिर: सराव भरल्या होडीने करा

संपादक महोदय,

शिडाच्या छोट्या होड्या घेऊन आठ-दहा जणांनी दोन-तीन दिवस पाण्यावर फिरायचे आणि रात्री काठावर तंबू ठोकायचे, अशा शिबिरांची तयारी बहुतेक वेळा सामानाच्या यादीपासून सुरू होते आणि यादीपाशीच थांबते. यादी हवीच. पण पाण्यावर घोटाळा होतो तो घरी राहिलेल्या वस्तूमुळे क्वचितच. तो होतो सोबत घेतलेल्या सामानाच्या वजनामुळे आणि ‘इतक्या होड्या आहेत, कोणीतरी मदतीला येईलच’ या भरवशामुळे. ज्या वाऱ्याने एक होडी उलटते, तोच वारा बाकीच्यांनाही झोडपत असतो आणि जो तो आपली होडी सावरण्यात गुंतलेला असतो. म्हणून निघायचे गटाने, पण प्रत्येक होडीची तयारी मात्र ती एकटीच निघाली आहे असे समजून करायची, असे आम्हाला आग्रहाने सांगायचे आहे.

वेफेअरर या होडीचे उदाहरण घेऊ. इयान प्रॉक्टर यांनी १९५७ साली आखलेली ही ४.८२ मीटर लांबीची होडी अशा भटकंतीसाठी फार वापरली जाते. तिच्या रिकाम्या सांगाड्याचे वजन १७० किलोच्या आसपास. माणशी दिवसाला चार लिटर या हिशेबाने दोघांचे तीन दिवसांचे आणि एक दिवस जादा धरून पाणीच ३२ किलो होते. त्यात तंबू, नांगर, साखळी, स्टोव्ह, कपडे आले. एवढ्या ओझ्याची होडी वळायला जड जाते, लाटेवर उचलायला आळस करते आणि कलंडली की उठवायला वेगळाच जोर मागते. रिकाम्या होडीवर केलेला सराव इथे कामाला येत नाही.

म्हणून निघण्याच्या किमान आठवडाभर आधी, आडोशाच्या पाण्यात, सगळे सामान बांधून होडी मुद्दाम कलंडवावी. पाण्याची खोली डोलकाठीच्या उंचीपेक्षा जास्त असावी, नाहीतर होडी पुरती पालथी होताना डोलकाठीचे टोक चिखलात रुतते. टोकाला हवा भरलेला छोटा फुगा किंवा बंद डबा बांधला तर होडी कुशीवरच राहते. हा उपाय सरावापुरता न ठेवता शिबिरातही ठेवावा.

होडी सरळ झाल्यावर खरी परीक्षा सुरू होते. आत तीनशे लिटर पाणी असेल तर तीनशे किलो ओझे या कुशीवरून त्या कुशीवर धावत असते. दहा लिटरच्या बादलीने काठोकाठ भरून उपसले तरी तीस बादल्या झाल्या, आणि हलत्या होडीत बादली काठोकाठ कधी भरत नाही. हातपंपावर विसंबू नये, तो फार वेळ घेतो. बादलीला दोरी बांधून ती होडीलाच अडकवलेली हवी. उपसता उपसता सेंटरबोर्डच्या (तळातून पाण्यात उतरणाऱ्या फळीच्या) पेटीकडे नीट पाहावे. पाण्याने भरलेली होडी इतकी खाली बसली असेल की पेटीचे वरचे तोंड बाहेरच्या पाण्याखाली गेले, तर जेवढे उपसाल तेवढे त्या फटीतून आत येते. फटीत जाड कापड कोंबून तात्पुरते भागते, पण खरा इलाज होडीत आणखी हवेच्या पिशव्या बसवण्याचा आहे. हवाबंद कप्पे असतील तर सरावानंतर उघडून पाहावेत. आत तांब्याभर पाणी सापडले तरी झाकणाचे रबर बदलावे, कारण खऱ्या प्रसंगी होडी दहा मिनिटे नाही, अर्धा-पाऊण तास तशी पडलेली असू शकते.

सामान तळाशी, मध्यभागी आणि आखूड दोरीने बांधावे. लांब दोरीवरचे सामान होडी कलंडली की बाहेर तरंगते, शिडाच्या दोरांत गुरफटते, मग होडी उठत नाही. पाण्याचे कॅन काठोकाठ भरू नयेत. थोडी हवा राहिली तर कॅन सुटला तरी तरंगतो आणि सापडतो. सुके कपडे आणि झोपायची पिशवी एकाच मोठ्या ड्राय बॅगेत (पाणी आत न शिरणाऱ्या पिशवीत) न घालता दोन लहान बॅगांत वाटावी. एकीचे तोंड नीट गुंडाळले गेले नाही तरी दुसरी वाचते.

लाईफ जॅकेटबद्दल एकच सांगतो. ५० न्यूटनचे (न्यूटन हे तरंगवण्याच्या जोराचे माप) जॅकेट पोहता येणाऱ्या, शुद्धीवर असलेल्या माणसाला मदत करते. बेशुद्ध माणसाचे तोंड ते वर फिरवत नाही. ते काम १५० न्यूटनचे. आपले कोणते आहे हे आतल्या पट्टीवर छापलेले असते, ते वाचावे.

शीड लहान करणे, म्हणजे रीफ घेणे, हे सरावाचे दुसरे मोठे अंग. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. १० नॉटचा (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) वारा १४ नॉट झाला की अंगाला फारसा फरक जाणवत नाही, पण शिडावरचा जोर जवळपास दुप्पट होतो. रीफचा क्रम हाताला पाठ हवा. आधी शीट, म्हणजे शीड आवरायचा दोर, सोडून शीड फडफडू द्यायचे. मग हॅलयार्ड, म्हणजे शीड वर चढवायचा दोर, खुणेपर्यंत ढिले करायचे. ती खूण आधीच रंगीत दोरा ओवून करून ठेवावी, अंदाजाने ढिले केले की एक तर कमी पडते किंवा शीड मांडीवर येऊन पडते. नंतर शिडाची पुढची वरची कडी आकड्यात अडकवून हॅलयार्ड पुन्हा कडक ताणायचे आणि त्यानंतर मागच्या कडीची दोरी मागे आणि खाली खेचून बांधायची. मधल्या बारीक दोऱ्या सर्वात शेवटी आणि हलक्या हाताने. त्या घट्ट आवळल्या आणि मागची दोरी सैल राहिली तर सगळा ताण मधल्या भोकांवर येतो आणि शीड तिथेच फाटते. शंका असेल तर रीफ काठावरच घेऊन निघावे. शीड मोठे करणे पाण्यावर सोपे असते, लहान करणे कठीण.

मार्ग आखताना सर्वात संथ होडीचा वेग धरावा, सरासरीचा नव्हे. ती होडी ३ नॉटने चालत असेल तर दहा सागरी मैल वारा पाठीवर घेऊन तीन तास वीस मिनिटांत होतात. तेच अंतर वाऱ्याच्या तोंडावर नागमोडी कापायचे तर निदान चौदा मैल पडते आणि पाच तास सहज जातात. दिवसाचा टप्पा या दुसऱ्या हिशेबाने ठरवावा. अधेमधे निवाऱ्याच्या दोन जागा नकाशावर खूण करून प्रत्येक होडीला द्याव्यात. वाऱ्याची दिशा फिरली म्हणजे निवारा कोणत्या बाजूला उरतो, हेही तिथेच लिहावे.

भरतीच्या पाण्यात बाराव्या भागाचा नियम सर्वांना पाठ हवा. सहा तासांत पाणी १, २, ३, ३, २, १ अशा बाराव्या भागांनी चढते-उतरते. फरक तीन मीटरचा असेल तर पहिल्या तासात २५ सेंटिमीटर, तिसऱ्या आणि चौथ्या तासात मात्र ७५-७५. खाडीच्या तोंडाशी त्या दोन तासांत उलट प्रवाहाला भिडणे म्हणजे शिडे भरलेली असूनही जागच्या जागी उभे राहणे.

एकमेकांना ओढून नेण्याची वेळ येतेच. त्यासाठी प्रत्येक होडीत पंधरा मीटरचा तरंगता दोर हाताशी असावा. दोर डोलकाठीच्या बुंध्याला बांधावा. पुढच्या टोकावरचे नाजूक क्लीट (दोर अडकवायची खुंटी) झटक्यात उपटून येते. गाठ ताणाखाली सुटणारी हवी. पूर्ण वेढा घेऊन वर दोन अर्ध्या गाठी चालतात. बोलाइन ही एरवी भरवशाची गाठ, पण दोरावर ताण असताना ती सोडता येत नाही, म्हणून इथे नको. ओढल्या जाणाऱ्या होडीचे शीड उतरवलेले, सेंटरबोर्ड जवळपास पूर्ण वर घेतलेला आणि माणसे मागे बसलेली असावीत.

व्हीएचएफ (सागरी रेडिओ संच) वापरत असाल तर चॅनेल १६ हा संकटासाठी आणि हाक देण्यासाठी आहे. गप्पांसाठी दुसरा चॅनेल आधीच ठरवावा. हातातला संच छोट्या होडीतून काही मैलांपलीकडे पोहोचत नाही, मध्ये डोंगराचे टोक आले तर तेवढाही नाही. म्हणून पुढच्या होडीने प्रत्येक टोकाशी थांबून मागची शेवटची होडी दिसल्यावरच वळावे.

मुक्कामाला पोहोचल्यावर नांगराचा हिशेब चुकतो तो नेहमी एकाच जागी. ओहोटीच्या वेळी दोन मीटर पाणी दिसते, त्याच्या पाचपट म्हणून दहा मीटर दोर सोडला जातो. रात्री पाणी तीन मीटरने चढले आणि होडीचे टोक पाण्यावर अर्धा मीटर धरले, तर साडेपाच मीटरच्या पाचपट, म्हणजे साडेसत्तावीस मीटर दोर लागतो. दहा मीटरवर नांगर पहाटे उचलला जाणारच. नांगराजवळ दोन-तीन मीटर साखळी असावी, म्हणजे ओढ आडवी राहते. काठावरून होडी आत-बाहेर करायला नांगराला कडी बांधून त्यातून दोराचे बंद वेटोळे घेण्याची पद्धत उत्तम आहे. मात्र दोर अंतराच्या दुपटीपेक्षा जास्त हवा आणि तो खडकावर घासत नाही हे अंधार पडण्यापूर्वी पाहावे.

तंबू ठोकताना काठावरची सुकलेल्या शेवाळाची आणि काटक्यांची रेघ बघतात, ते बरोबर आहे. पण ती रेघ मागच्या भरतीची असते. अमावास्या किंवा पौर्णिमा जवळ येत असेल तर उधाण वाढत जाते आणि पुढची भरती त्या रेघेच्या वर येऊ शकते. भरती-ओहोटीचा तक्ता बघून मागच्या आणि पुढच्या अशा दोन्ही भरत्यांची उंची ताडावी. पाऊस असला तरी स्टोव्ह बंद तंबूत पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. शौचासाठी पाण्यापासून साठ मीटर दूर, वीतभर खोल खड्डा घ्यावा.

शेवटी काठावरचा माणूस. होड्या किती, माणसे किती, प्रत्येक शिडाचा रंग आणि क्रमांक, मुक्कामाच्या जागा आणि किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर कोणाला कळवायचे, हे सगळे एका कागदावर लिहून त्याच्याकडे द्यावे. रोज पोहोचल्याचा निरोप कोण देणार, ते नाव घेऊन ठरवावे. ‘कोणीतरी कळवेल’ असे सोडले की कोणीच कळवत नाही आणि इकडे सगळे तंबूत निवांत झोपलेले असताना तिकडे पाण्यावर त्यांची शोधाशोध सुरू होते.

आपले,
शिडाच्या होड्यांची शिबिरे आखणारे काही वाचक