अठरा पूर्ण झाली म्हणून पोटगी बंद?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वेगळं राहणाऱ्या किंवा घटस्फोट झालेल्या आईबापांच्या मुलांच्या पोटगीबद्दल लिहायचंय, कारण जिथे बघावं तिथे एकच समज पक्का बसलाय की मूल १८ वर्षांचं झालं की पैसे बंद. आता हे १८ वर्ष येतं कधी, तर बारावी होऊन ॲडमिशनची धावपळ चालू असते, फी भरायची शेवटची तारीख डोक्यावर असते, म्हणजे सगळ्यात मोठा खर्च जेव्हा सुरू होतो नेमका तेव्हाच बाप म्हणतो माझी जबाबदारी संपली.

कायद्यात हे इतकं सरळ नाहीये. पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं (सीआरपीसी) कलम १२५ आता १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ झालंय, ते कुठल्याही धर्माच्या मुलाला लागू आहे, लग्नातलं असो की लग्नाबाहेरचं. त्याखाली अज्ञान, म्हणजे १८ पेक्षा लहान, मुलाला पोटगी मिळते, आणि शारीरिक किंवा मानसिक अपंगत्वामुळे स्वतःचं भागवता येत नसेल तर १८ नंतरही मिळते, फक्त लग्न झालेली मुलगी त्यात येत नाही. धडधाकट सज्ञान मुलीला या कलमाखाली मिळत नाही, पण हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ च्या कलम २० प्रमाणे लग्न न झालेली आणि स्वतःच्या कमाईवर किंवा मालमत्तेवर भागत नसलेली मुलगी मागू शकते, हे सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये स्पष्ट केलंय. आणि हे कलम २० नुसतं बापाला नाही, आईलाही बांधतं, हेही सांगितलं पाहिजे.

राहिला शिकत असलेला मुलगा. त्याच्यासाठी कायद्यात धड काहीच लिहिलेलं नाही, आणि माझं खरं म्हणणं इथेच आहे. दिल्ली हायकोर्टाने २०२१ मध्ये एका केसमध्ये मुलगा ग्रॅज्युएट होईपर्यंत किंवा कमवायला लागेपर्यंत बापाने आईला महिना १५,००० रुपये द्यावेत असं सांगितलं, १८ नंतरचा सगळा भार एकट्या आईवर टाकता येणार नाही म्हणून. पण प्रत्येक आईने हायकोर्टापर्यंत जायचं का? वकिलाची फी कुठून आणायची? पहिली डिग्री किंवा आयटीआयसारखं ट्रेनिंग पूर्ण होईपर्यंत, मुलगा असो की मुलगी, पोटगी चालू राहील असं कायद्यातच लिहा ना. न्यूयॉर्कमध्ये तर साधारणपणे २१ वर्षांपर्यंत द्यावी लागते.

अजून एक, मुलाला भेटू देत नाहीत म्हणून पैसे थांबवणारे खूप आहेत. भेटू न देणं चूकच आहे, त्यासाठी कोर्टात वेगळा अर्ज करा, पण त्याची शिक्षा मुलाच्या जेवणाला आणि शाळेला कशाला? आईने दुसरं लग्न केलं म्हणूनही बापाची जबाबदारी सुटत नाही. म्युच्युअल घटस्फोटात "मुलासाठी काही मागणार नाही" असं आईने लिहून दिलं तरी हक्क मुलाचा आहे, तो आईला सोडून देता येत नाही. खरंच नोकरी गेली असेल, पगार घटला असेल तर कलम १४६ खाली रक्कम कमी करून मागायची सोय आहे, आपल्याच मनाने बंद करायची नाही.

आणि ज्यांचे हप्ते थकलेत त्या आयांसाठी एवढं नक्की छापा, की कलम १४४ खाली वॉरंट काढून वसुली हवी असेल तर रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. आज देतो उद्या देतो ऐकत वर्ष घालवू नका, कोर्टातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे महिलांना आणि मुलांना मोफत वकील मिळतो, तिथे जाऊन अर्ज टाका.

आपली,
एक वाचक