नाफ्प्लिओ हे जेवणापुरते थांबण्याचे गाव नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सुट्ट्यांचा हंगाम जवळ आला की आपल्या दैनिकात परदेशी सहलींच्या पानभर जाहिराती येऊ लागतात आणि त्यांत ग्रीसचे नाव आता नेमाने दिसते. अशा अनेक सहलींत पेलोपोनीझ या दक्षिणेकडील भागाच्या वाट्याला एकच दिवस येतो: सकाळी अथेन्सहून बस निघणार, मायसिनी आणि एपिडॉरस येथील अवशेष दाखवणार, आणि मधल्या वेळेत नाफ्प्लिओ नावाच्या बंदरात भोजन. चार वर्षांपूर्वी आम्हा पतिपत्नींना हे गाव असेच पाऊण तास मिळाले आणि त्यातील अर्धा तास ताट येण्याची वाट पाहण्यात गेला. ती चुटपुट मनात राहिल्यामुळे गेल्या वर्षी आम्ही अथेन्सहून साध्या प्रवासी बसने तेथे जाऊन तीन रात्री राहिलो. त्या अनुभवावरून एवढेच सुचवायचे आहे की मुक्काम नाफ्प्लिओला असावा आणि अवशेष तेथून पाहावेत.

याचे कारण भूगोलात आहे. नाफ्प्लिओ आर्गोसच्या आखाताच्या टोकाशी वसले असून त्याच्यामागे सपाट, सुपीक मैदान पसरलेले आहे. मायसिनी व टिरिन्स ही कांस्ययुगातील दोन्ही ठाणी याच मैदानाच्या कडेने उभी राहिली. गावापासून टिरिन्स जेमतेम चार किलोमीटरवर आहे. आज ते शेतांच्या मध्ये असले तरी त्याच्या भरभराटीच्या काळी समुद्र बराच जवळ होता. पुढे नद्यांच्या गाळाने किनारा मागे हटला. हे एकदा ध्यानात आले की टिरिन्सच्या त्या अवाढव्य भिंती कोणत्या संपत्तीच्या रक्षणासाठी होत्या, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील प्रवासी पॉसेनियस याने तर तक्रारच करून ठेवली आहे की ग्रीक लोक इजिप्तच्या पिरॅमिडांची वर्णने करतात, पण घरच्या या भिंतींबद्दल चकार शब्द काढत नाहीत. आपल्याकडे एखाद्या लेण्याचा कर्ता ठाऊक नसला की ते पांडवांनी एका रात्रीत खोदले असे गावकरी सांगतात. ग्रीकांनी या भिंतींचे श्रेय सायक्लोप्स या एकाक्ष राक्षसांना दिले आणि अशा बांधकामाला पुरातत्त्वाच्या परिभाषेतही ‘सायक्लोपियन’ हेच नाव कायम राहिले. सहलीच्या बसेस मात्र टिरिन्सवरून न थांबता पुढे जातात.

दुसरी गोष्ट संग्रहालयाची. व्हेनिसच्या सत्तेने १७१३ साली आरमाराच्या कोठारासाठी बांधलेल्या, गावातील मुख्य चौकातील दगडी इमारतीत आज पुरातत्त्व संग्रहालय आहे. तेथे डेन्ड्रा येथील थडग्यात १९६० साली सापडलेले कांस्य चिलखत ठेवले आहे. सुमारे ३,४०० वर्षांपूर्वीचे, गळ्यापासून मांड्यांपर्यंत पत्र्यांच्या जोडणीने बनलेले आणि सोबत रानडुकराच्या सुळ्यांचे शिरस्त्राण असलेले हे चिलखत पाहून मग मायसिनीच्या सिंहद्वारातून आत शिरावे, म्हणजे तेथून कोण ये-जा करीत असेल याची कल्पना येते. रायगडाच्या दरवाजावरचे शरभ पाहिलेल्या मराठी माणसाला दारावर समोरासमोर कोरलेल्या त्या दोन प्राण्यांचा अर्थ सांगायला वाटाड्याची फारशी गरज पडू नये. जर्मन उत्खननकर्ता हाइनरिश श्लीमान याला १८७६ साली मायसिनीत मिळालेला सोन्याचा मुखवटा अथेन्सच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याला ट्रॉयच्या युद्धातील ग्रीकांचा सेनापती आगामेम्नॉन याचे नाव चिकटले असले तरी तो ट्रॉयच्या युद्धाच्या परंपरागत काळाहून सुमारे तीन शतके जुना आहे.

एपिडॉरसविषयी थोडक्यात लिहिते, कारण ते सहलीत वगळले जात नाही. इसवी सनपूर्व चौथ्या शतकातील त्या ५५ ओळींच्या नाट्यगृहात वरच्या पायरीवर बसूनही खालचे बोलणे ऐकू येते, हे खरे आहे. मात्र शेजारच्या आस्क्लेपिओस देवाच्या आरोग्यधामाचे अवशेष, जेथे रुग्ण दृष्टांताच्या आशेने रात्री झोपत, तिकडे आमच्या पहिल्या सहलीत कोणी फिरकलेही नाही.

आणि खुद्द गाव? १८२९ ते १८३४ या काळात नाफ्प्लिओ ही स्वतंत्र ग्रीसची राजधानी होती. देशाचे पहिले प्रमुख कापोदिस्त्रियास यांची १८३१ मध्ये सेंट स्पिरिडॉन चर्चच्या दारात हत्या झाली. भिंतीवरील गोळीची खूण काचेखाली जपून ठेवलेली आहे. तुर्की अमदानीतील एका मशिदीत पहिले प्रतिनिधिगृह भरत असे. समोरच्या पाण्यात बूर्त्झी हा पंधराव्या शतकातील चिमुकला जलदुर्ग आहे. एके काळी पालामिदी किल्ल्यावर देहदंड देणाऱ्यांना त्यात ठेवत, कारण त्यांचा शेजार गावाला नको असे. जंजिऱ्याची भव्यता त्याला नाही, पण संध्याकाळी धक्क्यावर बसून त्याच्याकडे पाहत राहावे असा तो आहे, आणि ही संध्याकाळ एका दिवसाच्या सहलीत बसत नाही.

सहल आयोजकांनी अथेन्समधील एक रात्र कमी करून ती येथे द्यावी, अशी विनंती आहे. स्वतंत्रपणे जाणाऱ्यांनी किमान दोन रात्री ठेवाव्यात आणि सावली नसलेले अवशेष सकाळीच उरकावेत. २१६ मीटर उंचीवरील पालामिदीला ९९९ पायऱ्या असल्याचे गावात सांगतात, मोजणाऱ्यांच्या हिशेबात त्या नेहमीच कमी भरतात. किल्ल्याच्या मागील बाजूने वरपर्यंत गाडीरस्ताही आहे, हे माझ्या वयाच्या, गुडघ्यांची तक्रार असलेल्या वाचकांसाठी मुद्दाम नोंदवते.

आपली,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका, सांगली