सुईने कंबर हलकी झाली, आजार तसाच राहिला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला ॲक्युपंक्चरवरचा, म्हणजे अंगात सुया टोचण्याच्या चिनी उपचारावरचा, लेख वाचला. ‘या उपचाराचा कोणताही दुष्परिणाम नाही’ हे वाक्य त्यात पुन्हा पुन्हा आले आहे, एकदा तर चौकटीत, ठळक अक्षरात. काल दिवसभर तेच डोक्यात घोळत होते, म्हणून लिहायला बसले. मी परभणी जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यांत परिचारिका म्हणून नोकरी केली. सुईचे मला वावडे नाही आणि उपचार चिनी आहे म्हणून मी नाकही मुरडत नाही. पण ते वाक्य लिहिणाऱ्यांनी एकदा माझ्या थोरल्या जाऊबाईंना भेटावे.

जाऊबाई सेलू तालुक्यात शेतावर राहतात. कापूस वेचता वेचता त्यांची कंबर धरली. वेचणीच्या दिवसांत कंबर कुणाची धरत नाही? घरात कुणी मनावर घेतले नाही. रुग्णालयात हाडांचे डॉक्टर ठरलेल्या वारीच येतात, त्या दिवशी ही गर्दी, आणि शेवटची एसटी हुकली की मुक्कामाची पंचाईत. गोळ्या घेऊन त्या परत आल्या. मग तालुक्याच्या गावी मंगल कार्यालयात शिबिर लागले. पालथे निजवून कमरेत, गुडघ्यामागे, पोटरीत सुया टोचायच्या आणि थोडा वेळ तसेच पडून राहायचे. आराम पडला, खरेच पडला. मला फोनवर म्हणाल्या, “टोचलं की हलकं वाटतंय बघ. दवाखान्यात नुसत्या गोळ्याच देतेत.” चार दिवसांनी पुन्हा ठणका लागायचा, की पुन्हा शिबिर.

दरम्यान संध्याकाळी अंगात कणकण असायची. भाकरी अर्ध्यावर आली, ब्लाउज खांद्यावरून उतरू लागले. शिबिरात हे कुणी विचारले नाही. तिथला कागद मी नंतर पाहिला. नाव, वय, गाव, मोबाइल नंबर आणि भरलेले पैसे. तापाचा रकाना नाही, वजनाचा नाही, आधीच्या आजाराचा नाही. पुढे संक्रांतीला आमच्याकडे आल्या तेव्हा दारातून आत येताना एका पायातली चप्पल मागेच निसटून राहिली आणि त्यांना ते कळलेही नाही. पायातली जाणीव गेली की मणक्याकडे पाहायचे, हे परिचारिकेला सांगावे लागत नाही. एमआरआय काढला. मणक्याचा क्षयरोग निघाला. दोन मणके झिजलेले आणि पूची गाठ मज्जारज्जूवर दाब देत असलेली. ऑपरेशन झाले, नंतर वर्षभर क्षयरोगाच्या गोळ्या. आज त्या काठी घेऊन चालतात, वाकून कापूस वेचणे कायमचे संपले.

सुईने क्षयरोग झाला असे मी म्हणत नाही. सुईने दुखणे कमी केले आणि त्यामुळे आजार कळायला उशीर झाला, असे म्हणते. ज्या उपचाराने वेदना उतरते त्या प्रत्येक उपचारात हा धोका आहे, मग ती दुकानातून आणलेली गोळी का असेना. म्हणून आधी निदान आणि मग वेदनेचा उपचार, हा क्रम आम्हाला नोकरीच्या पहिल्या वर्षी शिकवतात. तुमच्या लेखात निदान हा शब्द एकदाही नाही.

अमेरिकेत सरकार या उपचाराचे पैसे देते, असे लेखकांनी मोठ्या अभिमानाने लिहिले आहे. देते. पण त्याच्या अटी का नाही छापल्या? ज्येष्ठांसाठीच्या मेडिकेअर योजनेत जानेवारी २०२० पासून ॲक्युपंक्चरचा खर्च मिळतो, तो फक्त जुन्या कंबरदुखीसाठी. दुखणे १२ आठवडे किंवा त्याहून जुने हवे, आणि ते कर्करोग, सूज किंवा जंतुसंसर्ग अशा कारणाने आलेले नसावे. ९० दिवसांत १२ वेळा उपचार, फरक पडला तर आणखी ८, नाही पडला तर बंद. जाऊबाईंना जंतुसंसर्गच होता. ती एक अट आमच्या शिबिरात पाळली असती तर त्या पहिल्याच दिवशी एक्स-रेला गेल्या असत्या.

आणि आराम पडला म्हणजे बरोबर जागी टोचले, असेही नाही. जर्मनीत कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवर मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००७ मध्ये आले. ॲक्युपंक्चरच्या शास्त्रातल्या ठरलेल्या बिंदूंवर टोचलेल्यांपैकी जवळपास ४८ टक्क्यांना आणि मुद्दाम भलत्याच जागी वरवर टोचलेल्यांपैकी ४४ टक्क्यांना फरक पडला. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण २७ टक्के होते. याचा अर्थ दोन्हीकडून लावता येईल. टोचल्याने माणसाला बरे वाटते हे खरे, पण बरे वाटल्यावरून आत काय चालले आहे ते ओळखता येत नाही, हेही तितकेच खरे. कोणते उपचार द्यावेत हे सुचवणाऱ्या ब्रिटनमधल्या ‘नाइस’ या संस्थेने कंबरदुखीसाठी २००९ मध्ये सुचवलेले ॲक्युपंक्चर २०१६ मध्ये वगळले. अर्धशिशीचे झटके कमी व्हावेत म्हणून मात्र ती अजून सुचवते. भूल उतरल्यावर होणाऱ्या मळमळीवर मनगटाच्या आतल्या बाजूचा बिंदू उपयोगी पडतो, याचेही चांगले पुरावे आहेत. हे आमच्या जिल्हा रुग्णालयांत आले तर मी स्वागत करीन. वेदनेने गांजलेल्या बाईला आपल्याकडे इंजेक्शन नाही तर गोळी, याशिवाय तिसरे काही मिळत नाही, हे मी नोकरीभर पाहिले आहे.

दुष्परिणाम नाहीत म्हणता, तर तेही सांगते. खांद्याजवळ किंवा बरगड्यांमध्ये सुई खोल गेली तर फुप्फुसाला छिद्र पडून हवा छातीत साठू शकते. एकाची सुई दुसऱ्याला वापरली तर कावीळ ब पसरते. जाऊबाईंच्या हट्टाखातर एकदा मी त्यांच्यासोबत त्या मंगल कार्यालयात गेले होते, तेव्हा सुया पाकिटातून काढत होते, ते ठीक. वापरलेल्या सुया मात्र जेवणावळीच्या पत्रावळींसोबत काळ्या पिशवीत चालल्या होत्या. ती पिशवी कार्यालयाची झाडणारी बाई उघड्या हाताने दाबून बांधत होती. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे टोकदार वस्तूंसाठी सुई आरपार जाणार नाही असा पांढरा डबा लागतो. दवाखान्यात तो नसला तर आम्हाला मेमो मिळायचा. मंगल कार्यालयात कोण कुणाला मेमो देणार?

लेखात आणखी एक गोष्ट खटकली. सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांनी ॲक्युपंक्चर भारतात आणले, असे छापले आहे. कोटणीस १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले ते शल्यचिकित्सक म्हणून, युद्धातल्या जखमींवर शस्त्रक्रिया करायला. ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच वारले, परत आलेच नाहीत. त्याच पथकातले डॉ. बिजॉय कुमार बसू पुढे पुन्हा चीनला जाऊन ही विद्या शिकले आणि त्यांनी ती कोलकात्यात सुरू केली. कोटणीसांचे काम एवढे मोठे आहे की त्यांना दुसऱ्याचे श्रेय चिकटवण्याची गरज नाही.

चिनी औषधांबद्दल ‘वनस्पतीच असल्याने पूर्ण सुरक्षित’ असे लिहिले आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रुसेल्समध्ये बारीक होण्याच्या गोळ्यांत एका चिनी वनस्पतीऐवजी दुसरीच आली आणि शंभरावर रुग्णांची, त्यातही मुख्यतः बायकांची, मूत्रपिंडे निकामी झाली. तीही वनस्पतीच होती. याउलट हिवतापावरचे औषध शोधणाऱ्या चिनी शास्त्रज्ञ तू योयो यांचे उदाहरण घ्या. जुन्या चिनी ग्रंथात तापावरची एक वनस्पती पाण्यात भिजवून पिळून घ्यायला सांगितले होते. त्यावरून त्यांना सुचले की उकळल्याने गुण जातो. त्यांनी कमी तापमानावर अर्क काढला, आधी प्राण्यांवर तपासला, मग स्वतः घेऊन पाहिला, आणि नंतरच रुग्णांना दिला. २०१५ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. त्याच शोधातून आलेल्या हिवतापाच्या गोळ्या मी प्राथमिक आरोग्य केंद्रात स्वतःच्या हाताने दिल्या आहेत, वयाप्रमाणे वेगळ्या रंगाचे पाकीट, पंधरा वर्षांपुढच्यांना पांढरे. चिनी वैद्यकातले खरे काय ते अशा वाटेने आमच्या खेड्यापर्यंत पोचले. तुमच्या पुरवणीने हे सांगायला हवे होते.

आता तुमच्या वर्तमानपत्राबद्दल. ज्या पानावर हा लेख आहे त्याच पानावर खाली शिबिराची जाहिरात आहे: मधुमेह, पक्षाघात, बहिरेपणा, सगळे सुईने मुळासकट बरे. या तिन्ही आजारांच्या इलाजाची अशी जाहिरात करायला १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याने बंदी आहे. वर लेख, खाली जाहिरात, असे वाचल्यावर खेड्यातला माणूस दोन्ही एकच समजतो. जाऊबाईंकडे त्या शिबिराचे जे पत्रक आले होते त्यावर असाच एका वर्तमानपत्रातला कौतुकाचा मजकूर चिकटवलेला होता. छापलेल्या शब्दावर आमची माणसे अजून विश्वास ठेवतात, आणि म्हणूनच मला राग आला आहे.

आपल्या राज्याने २०१५ मध्ये ॲक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा केला आणि त्याखाली परिषद नेमून नोंदणीची सोय केली. म्हणजे विचारायला जागा आहे. जाहिरातीत येत्या रविवारच्या शिबिराचा पत्ता आहे, नोंदणी क्रमांक मात्र नाही. कृपया तुमचा वार्ताहर तिथे पाठवा. सुई टोचण्याआधी ताप आणि वजन विचारतात का, टोचणाऱ्याचा नोंदणी क्रमांक काय, आणि वापरलेल्या सुया कोण उचलतो, एवढे पाहून त्याच पानावर छापा.

आपली नित्य वाचक,
एक निवृत्त परिचारिका, परभणी