गॉडझिला कोणाला म्हणायचं?

पुणे,
सप्टेंबर २०२५

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. २६ ऑगस्टला निसानच्या तोचिगीच्या कारखान्यातून शेवटची आर३५, म्हणजे त्यांच्या जीटी-आर या वेगवान गाडीची अलीकडची पिढी, बाहेर पडली, त्यावर तू लिहिलंस की गॉडझिला हे नाव लावून फिरणारी तोतया गाडी एकदाची बंद झाली. हे वाक्य मला लागलं. तिच्यात सरळ सहा सिलिंडरचं इंजिन नाही, हाताने टाकायचा गिअर नाही, नावातही आधीच्या पिढ्यांसारखं स्कायलाइन उरलं नाही, ही तुझी कारणं खोटी नाहीत. पण तुझ्या मते तिच्या आधीची आर३४ हीच शेवटची खरी गॉडझिला, आणि इथे माझं तुझ्याशी अजिबात पटत नाही.

जपानी सिनेमातल्या राक्षसाचं हे नाव निसानने ठेवलेलं नाही, हे आधी लक्षात घे. ते दिलं तुझ्याच ऑस्ट्रेलियातल्या ‘व्हील्स’ मासिकाने, १९८९ मध्ये, आर३२, म्हणजे आर३४ च्या दोन पिढ्या आधीची जीटी-आर, नुकती येत होती तेव्हा. जपानमधून एक अक्राळविक्राळ प्राणी येतोय, हा त्यातला धाक. तेव्हा तो नुसता अंदाज होता. तो खरा करून दाखवला पुढच्या तीन वर्षांनी.

आर३२ जिंकण्यासाठीच बांधली होती, हे तिच्या इंजिनाच्या मापातसुद्धा दिसतं. २५६८ सीसी हा आकडा मला फार आवडतो. ग्रुप ए, म्हणजे बाजारात विकल्या जाणाऱ्या गाड्यांवर बेतलेल्या गाड्यांच्या शर्यतींत टर्बो इंजिनाची क्षमता १.७ ने गुणून धरायचे. गुणाकार येतो साधारण ४३६६, म्हणजे साडेचार लिटरच्या वर्गात बरोबर आत. आधी नियमाचं पुस्तक वाचलं आणि मग इंजिन आखलं. वर चारचाकी ड्राइव्ह अशी की एरवी सगळा जोर मागच्या चाकांवर, आणि मागची चाकं घसरायला लागली की हवा तेवढा जोर आपोआप पुढे. जपानच्या टुरिंग कार अजिंक्यपद स्पर्धेत १९९० ते १९९३ या काळात २९ शर्यती झाल्या आणि २९च्या २९ तिने जिंकल्या. १९९१ मध्ये बेल्जियमची स्पाची २४ तासांची शर्यतही तिचीच.

पण नाव पक्कं झालं ते ऑस्ट्रेलियातल्या बाथर्स्टला. तू त्या डोंगरावर जाऊन आलास, तेव्हा तुला सांगायला नको. एरवी ताशी ६० च्या मर्यादेत कोणीही गाडी घालू शकतो असा तो सहा किलोमीटरचा रस्ता, आणि त्यावर हजार किलोमीटरची शर्यत, १६१ फेऱ्या. १९९१ मध्ये जिम रिचर्ड्स आणि मार्क स्काइफ यांनी ती जिंकली तेव्हा दुसऱ्या नंबरची तिथलीच होल्डन एक अख्खी फेरी मागे होती. पुढच्या वर्षी निसानवर जादा वजन लादलं, टर्बोचा दाब रोखला. तरी ती पुढेच. मग पाऊस कोसळला. रिचर्ड्सची गाडी ओल्या रस्त्यावर भिंतीला आदळली, मोडक्या चाकानिशी तशीच उतारावरून घसरत आली आणि आधीच अडकून पडलेल्या गाड्यांवर जाऊन थांबली. शर्यत थांबवावी लागली. नियमाप्रमाणे निकाल आधीच्या पूर्ण झालेल्या फेरीवरून लावला, आणि त्या फेरीला तीच पहिली होती. फोर्ड-होल्डनवाल्या गर्दीने मंचाखाली हुर्यो उडवली. रिचर्ड्सने माइकवरूनच त्यांना शिवी हासडली. १९६७ चा फॉर्म्युला वन विजेता डेनी हल्म, त्याचा मित्र आणि त्याच्यासारखाच न्यूझीलंडचा, त्याच शर्यतीत गाडी चालवताना हृदयविकाराने गेला होता आणि ही बातमी रिचर्ड्सला नुकतीच कळली होती. ती शिवी मला कधीच उद्धट वाटली नाही.

१९९३ पासून तिथे फोर्ड आणि होल्डनच्या पाच लिटर व्ही-८ गाड्यांसाठी नियम आले आणि या गाडीला जागाच उरली नाही. ग्रुप ए चे दिवस तसेही भरत आले होते, त्यामुळे सगळं एका निसानमुळे झालं असं मी म्हणणार नाही. पण त्या प्रेक्षकांना काय वाटलं असेल ते कळतं. आपली घरची गाडी हरू शकते, तीही जपानी सहा सिलिंडरपुढे, हे त्यांना पचत नव्हतं. गॉडझिला हे नाव माझ्या लेखी त्या भीतीचं आहे.

आता तुझी आर३४. आपण दोघं प्लेस्टेशनवर रात्र रात्र तीच निवडायचो, तेव्हा तिच्यावर माझंही प्रेम आहे. दिसायला तिच्या तोडीची दुसरी नाही. सहा गिअरचा तो गिअरबॉक्स, डॅशबोर्डावर टर्बोचा दाब दाखवणारा तो स्क्रीन, सगळं मान्य. जपानच्या जीटी स्पर्धेत तिने १९९९ आणि २००३ मध्ये विजेतेपदही मिळवलं. पण कोणासमोर? टोयोटाची सुप्रा आणि होंडाची एनएसएक्स, म्हणजे घरच्याच मैदानात घरचेच गडी. तिच्यामुळे कुठल्या देशात, कुठल्या कंपनीत खळबळ उडाली? मधल्या आर३३ चंही तेच. तिने जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंग या शर्यतीच्या मार्गावर ७ मिनिटं ५९ सेकंदांची वेळ दिली, आर३२ पेक्षा २१ सेकंद कमी, आणि निसानने त्याचीच जाहिरात केली. चांगली गाडी. पण थोरल्या बहिणीला हरवलं म्हणून जगाला धडकी भरत नाही. महाराष्ट्र केसरीची गदा वारशाने मिळत नाही रे, मातीत उतरून घ्यावी लागते.

आर३५ मातीत उतरली. २००७ च्या टोकियो मोटर शोमध्ये ती आली ती ४८० अश्वशक्ती घेऊन, पोर्शे ९११ टर्बोच्या जवळपास निम्म्या किमतीत. तिचे मुख्य अभियंता काझुतोशी मिझुनो यांनी गिअरबॉक्स इंजिनापासून सोडवून थेट मागच्या चाकांपाशी नेला, म्हणजे इंजिनाचा जोर एका शाफ्टने मागे जातो आणि दुसऱ्या शाफ्टने पुन्हा पुढच्या चाकांकडे येतो. पावणेदोन टनांच्या आसपास वजनाची गाडी त्यामुळे चारी चाकांवर तोलून उभी राहते. हाताचा गिअर नाही म्हणून तू नाक मुरडतोस, पण आर३२ च्या काळात संगणकाने चाकांना जोर वाटून देणं हेही जुन्या लोकांना असंच खटकलं होतं. २००८ मध्ये तिने न्युर्बुर्गरिंगवर ७ मिनिटं २९ सेकंदांची वेळ दिली. त्यावर पोर्शेने काय केलं, आठव. स्वतः एक जीटी-आर विकत घेतली, तिथेच पळवली आणि जाहीर केलं की आम्हाला तर ७ मिनिटं ५४ लागतात. निसानने ते फेटाळलं. खरं कोणाचं, हा वाद तू खुशाल घाल. पण श्टुटगार्टच्या, म्हणजे पोर्शेच्या, माणसांना आपल्या गाडीचं नाव राखायला दुसऱ्याची गाडी विकत घेऊन तपासावी लागली, त्या दिवशी हे नाव पुन्हा कमावलं गेलं.

२०१५ चा बाथर्स्टच्या १२ तासांच्या शर्यतीतला विजय मी मुद्दाम जमेला धरत नाही, जरी कात्सुमासा चियोने शेवटच्या फेऱ्यांत घेतलेली आघाडी आठवून अजून अंगावर काटा येतो. त्या वर्गात सगळ्या गाड्या वजन आणि ताकद कमीजास्त करून सारख्या करतात, आणि ती जीटी-आर तर फक्त मागच्या चाकांवर चालणारी होती. तो चालकाचा विजय.

आणि एक गोष्ट तुझ्या बाजूची. आर३५ फार वर्षं विकली, अठरा. भारतात ती २०१६ च्या अखेरीस आली, दिल्लीत १ कोटी ९९ लाखांना, तोवर पोर्शे कधीच पुढे निघून गेली होती. किंमत वाढत गेली, धाक ओसरत गेला. म्हणून मी नाव देतो ते पहिल्या चार-पाच वर्षांच्या आर३५ ला. नंतरच्यांना नाही, तिच्या निस्मो या जास्त ताकदीच्या आवृत्तीलाही नाही, ६०० अश्वशक्ती असूनही.

तेव्हा मंदार, आर३४ च्या बाजूने मला एकच गोष्ट लिहून पाठव: तिच्यामुळे कोणाची झोप उडाली? एक जरी उदाहरण दिलंस तरी मी माघार घेईन. वहिनींना नमस्कार, छोटीला आशीर्वाद.

तुझा,
शिरीष